बिननावाचा नमुना

बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पिवळी होते का गा तुले?"

धरमपेठेतल्या त्या इमारतीत राहायला येऊन मला चार दिवस झाले होते. मे महिना होता. मी दूध-ब्रेडची पिशवी घेऊन जिना चढत होतो आणि समोरून पांढऱ्या सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई उतरत होत्या. ओळख ना देख. मी नुसतंच "काय?" म्हणालो.

"लघवी. ओठ पाह्य तुझे, कसे फुटले. दिवसभर एसीत बसत असशीन अन् पानी पीत नसशीन. आज रंग पाहून ठेव, उद्या मले सांग."

पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडं टाकून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सोलणं थांबवून हे सगळं ऐकलं. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन लिटर पाणी प्यायलो आणि बाईंवर मनातल्या मनात भयंकर चिडलो. दोन्ही गोष्टी पुढे सवयीच्याच झाल्या.

बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली. एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये उभा जन्म त्यांनी लोकांच्या बाटल्या तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाल्या तेव्हा लॅबनं भंगारात काढलेला एक जुना, एका डोळ्याचा मायक्रोस्कोप त्या घरी घेऊन आल्या आणि लोक जिथे देव्हारा ठेवतात त्या कोपऱ्यात तो ठेवला. त्याच्या वर भिंतीवर वडिलांचा फोटो. वडील छप्पन साली दीक्षेच्या गर्दीत पांढरा सदरा घालून उभे होते, आणि त्या दिवसानंतर कोणासमोर मान खाली घालायची नाही एवढं एकच घरात शिकवलं, असं बाई सांगायच्या. बाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. त्या साध्या भाजीवाल्यासमोरही मान वर करूनच उभ्या राहायच्या.

माणसं त्यांना नावानं आठवत नसत. "कोन तो? त्याच्यात तर पू निघाला होता," असं त्या एखाद्या भल्या माणसाबद्दल भर रस्त्यात म्हणायच्या. एका निवृत्त साहेबांबद्दल म्हणाल्या होत्या, "मोठा रुबाब करून राहिला. खोकल्यावर काय होते ते मले माहीत हाय." लोक त्यांना टाळायचे, यात नवल नाही. मीही टाळायचो. पण ताप आला, रिपोर्ट कळला नाही, की तेच लोक गुपचूप तिसरा मजला चढायचे. बाई चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचायच्या आणि बोलायच्या ते अगदी सरळ. कोणी बाई लाजून पदर तोंडाशी नेऊन बोलायला लागली की त्या खेकसायच्या, "लाजून कायले राहिली वं? हे काय तुह्या कर्तृत्वानं झालं काय?"

लॅबचा एक नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की तो त्या जगातल्या सगळ्या गोष्टींना लावायच्या. बाटलीवर नाव नसेल तर ती तपासायची नाही, परत पाठवायची. लिफ्टवाल्या नव्या इमारतीचं निनावी पत्रक दारात पडलं की त्या ते त्या इमारतीच्या दारात परत टाकून यायच्या. व्हॉट्सअॅपवर कोणी "सर्वांच्या माहितीसाठी" म्हणून काही पाठवलं की यांचं उत्तर ठरलेलं: कोनाचं हाय हे? नाव नसन तर परत.

आणि त्यांचा बोका होता. नारिंगी, जाडसर, एक कान फाटलेला. नाव मुकादम, कारण तो रोज सकाळी तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत एक फेरी मारायचा, प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबायचा आणि काम नीट चाललंय अशी खात्री करून घेतल्यासारखा पुढे जायचा. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. चार वर्षं त्यानं कोणाच्या दाराशी घाण केली नव्हती.

मग एका हिवाळ्यात त्यानं माझ्या बुटात लघवी केली.

ऑफिसचे बूट. मिहानला जाणारी बस पकडायची घाई, पाय आत घातला आणि मोजा ओला. तो वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. डोळ्यांतून पाणी येतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं पायपुसणं. तिसऱ्या दिवशी त्यानं थेट चेअरमन काकांच्या स्कूटरची सीट गाठली. तिथे इमारतीचा संयम संपला.

चेअरमन काका तळमजल्यावर राहायचे. त्यांचं पारशिवनीकडे शेत होतं आणि दर रविवारी ते व्हॅन घेऊन तिकडे जायचे. मांजर बिघडलं की पोत्यात घालून लांब सोडून यायचं, यात आपल्याकडे कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. "तिकडे उंदीर ढिगानं आहेत," काका म्हणाले, "मजेत राहीन बिचारा. इथं तो बदला घेऊन राहिला." कशाचा बदला, ते कोणालाच माहीत नव्हतं.

इमारतीचा सेक्रेटरी मी होतो. माझ्याकडे प्रिंटर होता, एवढीच माझी पात्रता. "काही सदस्यांची तक्रार आहे की..." असं पत्र मी छापलं आणि बाईंच्या दाराखालून सरकवलं. संध्याकाळी ते माझ्या दाराखालून परत आलं. वर लाल पेनानं लिहिलं होतं: नमुन्यावर नाव नाही. परत.

मी ते घेऊन दारोदार फिरलो. सही करायला एकही तयार नाही. "सगळ्यांच्या वतीनं" लिहा, म्हणाले सगळे. मग मी खाली "सेक्रेटरी" असं टाइप करून पुन्हा सरकवलं. पुन्हा परत. या वेळी लाल पेनानं एक प्रश्न होता: सेक्रेटरी हे कोनाचं नाव होय?

मला राग आला. रविवारी सकाळी मी माझं पूर्ण नाव टाइप केलं, खाली ठसठशीत सही ठोकली आणि भांडायच्याच तयारीनं वर गेलो.

बाई भांडायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांनी बोक्याची तपासणी चालवली होती. वाळूच्या ट्रेमधली वाळू काढून त्यात धुतलेले प्लॅस्टिकचे मणी पसरले होते, लघवी मुरू नये म्हणून. ड्रॉपरनं कसेबसे पाच-सहा थेंब मिळाले होते आणि त्यात पट्टी बुडवली तर ती हिरवी झाली होती. "शुगर," बाई मला म्हणाल्या. "परवापासून समजून राहिलं मले. दहादा जाते म्हंजे शुगर. दूधभात बंद केला त्याचा. बदला घेते म्हनतात! ज्याची लघवीची पिशवी दुखून राहिली तो बदला घेते काय गा?"

मी पत्र हातात धरून उभा होतो आणि त्या बोलत असताना मुकादमकडे पाहत होतो. तो ट्रेमध्ये गेला, बसला, कुंथला, उतरला. पाठ वळवून स्वतःला चाटत बसला. पुन्हा गेला. पुन्हा बसला आणि या वेळी खोल आवाजात ओरडला.

मी म्हणालो, "मावशी, हा जातोय खरा, पण मणी कोरडेच आहेत."

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. मग खाली बसून त्याच्या पोटाला हात लावला. त्यांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. "स्कूटर काढ," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

भाजीच्या पिशवीत बोका, मागे बाई, त्यांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा इतका घट्ट धरलेला की चार दिवस दुखत होता. माझं पत्र मी घाईत खिशात कोंबलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच आत नेलं. लघवीची वाट रव्यासारख्या खड्यांनी बंद झाली होती. नळी टाकून मोकळी केली. "उद्यापर्यंत थांबला असता तर हाती लागला नसता," बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. मांजर अचानक भलतीकडे लघवी करायला लागलं की लोक त्याला मारतात, हाकलतात. पण लघवीच्या पिशवीला सूज असते, जंतू असतात, खडे असतात. म्हाताऱ्या मांजराची किडनी थकलेली असते, नाहीतर सांधे धरल्यामुळे ट्रेमध्ये पाय टाकवत नाही. साखरही असू शकते. कधी घरात काही बदललं तर नुसत्या धास्तीनंही होतं. ते तपासूनच ठरवायचं. मात्र बोका बसतोय आणि थेंब येत नाही, हे दिसलं की चहासुद्धा प्यायला थांबायचं नाही.

"पट्टीत शुगर आली होती," बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"घाबरलेल्या मांजराच्या येते कधीकधी. रक्त पाहिलं, शुगर नाही."

बाई बाकावर बसल्या. म्हणाल्या, "जल्मभर लोकायच्या बाटल्या पाहिल्या ना गा. सवय लागली. नमुना पाह्यला मी, पेशंट पाह्यलाच नाही. तो थेंबाथेंबासाठी तडफडून राहिला अन् मी त्याचा दूधभात बंद केला." मग अचानक माझ्याकडे वळून, "तू कायले आला होता वर?"

मी खिशातून पत्र काढून दिलं. खोटं बोलायची ती जागाच नव्हती. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, सही पाहिली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. "नावानिशी लिहिलं म्हणून वर आला. वर आला म्हणून वाचला हा. ठेवते मी हे."

मुकादम चार दिवसांनी घरी आला. डॉक्टरांनी वेगळं खाणं दिलं होतं, भरपूर पाणी प्यायला पाहिजे म्हणून बाईंनी प्रत्येक खोलीत वाटी मांडली, आणि महिनाभर दार बंद. त्याची फेरी थांबली. मला खरंच चुकल्यासारखं व्हायचं.

आणि त्याच महिन्यात, एका मंगळवारी, माझ्या दारासमोर जिन्याच्या वळणावर ओलं दिसलं.

मी पुसलं. ऑफिसला उशीर होत होता, फार विचार केला नाही. शुक्रवारी पुन्हा. तेव्हाही मीच पुसलं आणि पुसताना वाटलं, अरे, या वेळी वास नाही. डोळ्यांत पाणी नाही. औषधानं फरक पडला असेल, असं मी स्वतःला सांगून टाकलं. माझ्या नाकानं मला खरं ते सांगितलं होतं. ऐकायची माझीच तयारी नव्हती.

शुक्रवारी मला पुसताना पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं आणि दुपारपर्यंत ते इमारतभर झालं. बोका दाराआड असतो हे बाईंनी सांगितलं, तर काका म्हणाले, दार कधीतरी उघडं राहतच असेल. रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा लावली. खाली व्हॅन उभी होती आणि व्हॅनमध्ये पोतं होतं. आता ते कोणी लपवतही नव्हतं. मुकादम पोत्यात गेला असता तर ते वेगळं खाणं सुटून आठवड्याभरात त्याची लघवीची वाट पुन्हा बंद झाली असती आणि पारशिवनीच्या शेतात त्याला नळी टाकायला कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी वही-पेन घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

बाई आल्या. पांढरी साडी, कपाळावर चष्मा. काकांनी प्रस्ताव मांडला. हात वर करा, म्हणाले. सात हात वर झाले. माझा मधेच कुठेतरी अडकलेला होता.

"हात खाली करा," बाई म्हणाल्या. "आधी एक विचारते. बोक्याच्या लघवीचा वास कसा येते, सांगा बरं."

सगळे एकदम बोलले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर नाकाला पदर लावून दाखवला.

"अन् मंगळवारी आला होता तसा वास? शुक्रवारी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पुसलं ना गा?"

"नाही आला," मी म्हणालो.

"नाहीच येनार. ते बोक्याचं नोहोतं. ते माह्यं होतं."

गच्चीवर कोणी वाळत घातलेल्या पापडांवर कावळा उतरला तरी कोणी त्याला हाकललं नाही.

"बाजारातून येते. दोन मजले चढेपर्यंत धरवत नाही मले आता," बाई म्हणाल्या. आवाज जरासाही खाली आला नव्हता. "वर जाऊन लुगडं बदलून, फडकं घेऊन खाली येईपर्यंत हा पोरगा पुसून मोकळा. मंग बोलली नाही मी. लोकायले जल्मभर सांगितलं, लाजू नोका म्हनून. अन् माही पाळी आली तं एका मुक्या बोक्याच्या आड लपली मी. इतके दिवस. माहा बाप असता तं थोबाडीत मारली असती त्यानं." मग त्या काकांकडे वळल्या. "आना ते पोतं. मले घाला त्याच्यात अन् सोडून या पारशिवनीले. चला, हात वर करा. कोन कोन?"

एकही हात वर झाला नाही. काका चष्मा पुसत राहिले. "बाई, तुमचं कसं... तसं कोणी म्हणून राहिलं काय," असं काहीतरी पुटपुटले.

"बोका होता तवा म्हनत होते ना? बरं, आता मले किल्ली पाहिजे."

तळमजल्यावर जिन्याखाली एक संडास होता. चौकीदारासाठी बांधलेला. चौकीदार गेला, तेव्हापासून त्याला कुलूप. आत मखरं, दिव्यांच्या माळा, मोडक्या खुर्च्या. इमारतीत चार घरी काम करणारी रंजना सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत असायची आणि तिला संडासला जाऊ देणारं घर एकच, तिसऱ्या मजल्यावरचं. त्या किल्लीसाठी बाई कित्येक वर्षं भांडत होत्या आणि काका "पाहू" म्हणत होते. रंजना त्या वेळी गच्चीच्या दाराशी बादली घेऊन उभी होती.

"कामवाल्या बाया वापरतीन, मग घाण होईन, म्हनून कुलूप होय ना?" बाई म्हणाल्या. "घाण कोनी केली ते आता समजलं सगळ्यायले. द्या किल्ली. नाही देत तं दगड आहे खाली."

काकांनी किल्ली आणायला वेळ लावला. तेवढ्यात रंजनानं बादली खाली ठेवली, गेली, आणि खालून कुलपावर दगडाचे तीन ठोके ऐकू आले. इमारतीत कोणी त्याबद्दल तिला नंतर एक शब्द विचारला नाही. मखरं व्हॅनमध्ये भरून पारशिवनीला गेली. पोत्यावर.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्याचा जिना वाजत होता. आधी पहिल्या मजल्यावरच्या काकू गेल्या. मग काकांची बायको. मी दार लोटून आत असलो तरी बाईंचा आवाज खाली यायचाच: "खोकलं, हसलं की होते? अवं, हे वय झालं म्हनून सहन करायचं थोडंच असते. इलाज हाय याच्यावर. उद्या चल मह्यासंगं, दोघी दाखवू." बाई स्वतःही गेल्या डॉक्टरांकडे. महिन्या-दोन महिन्यांत त्या पूर्वीसारख्या एका दमात वर चढू लागल्या. मुकादमची फेरी पुन्हा सुरू झाली. संडासाच्या दारापाशी तो आता जरा जास्त वेळ थांबायचा.

सभेचा वृत्तान्त मी लिहिला होता. बाईंची काळजी वाटून मी घातलं: "सदर ओलावा एका ज्येष्ठ सदस्येच्या प्रकृतीच्या कारणामुळे असल्याचे निदर्शनास आले." सहीसाठी वही वर पाठवली. परत आली तेव्हा ते वाक्य लाल पेनानं खोडलेलं होतं. वर बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे, "हिची लघवी. बोका निर्दोष." त्या वृत्तान्ताखाली नऊच्या नऊ सदस्यांच्या सह्या आहेत. तोवर कधीच सगळ्यांच्या झाल्या नव्हत्या.

आता मी मिहानजवळ राहतो. लिफ्ट आहे, शेजारी कोण आहे ते माहीत नाही. बाई तिथेच आहेत, बोका म्हातारा झाला आहे, आणि पाणी प्यायलं का हे मला दर उन्हाळ्यात फोनवर विचारलं जातं. मागच्या आठवड्यात मी हे सगळं त्यांना फोनवर वाचून दाखवलं. मला त्यांच्याबद्दल काय वाटतं ते तोंडावर कधी सांगता आलं नव्हतं. म्हटलं, असं तरी सांगू. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. वाचून झाल्यावर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडताहेत की काय.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "पन माह्यं नाव कोठी हाय?"

मी सांगितलं, मावशी, अशा लिखाणात नाव देत नाहीत. लोक काय म्हणतील, उगीच तुम्हाला त्रास...

"मंग परत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.